दुसऱ्या वर्षीही या



खेळाडूंचं, गाणाऱ्यांचं कौतुक झालं, बक्षिसं वाटून झाली. मला आज राष्ट्रीय सेवा योजनेतल्या मुलामुलींविषयी बोलायचं आहे.

गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर, एवढीच अपेक्षा. तरीही पहिल्या वर्षी नाव नोंदवायला गर्दी होते आणि दुसऱ्या वर्षी टिकाव-घमेलं उचलायला मोजकेच हात उरतात.

मुलं आळशी झाली, हे मला मान्य नाही. खेड्यातून इथे शिरूरला एसटीने येणारी मुलगी संध्याकाळची गाडी सोडून श्रमदानाला थांबेल कशी? दौंडकडच्या मुलांचा दिवस रेल्वेच्या वेळेला बांधलेला. अशांना आपल्याच गावात तास भरू द्या. घोड आणि भीमा नद्यांच्या काठच्या गावांत कामाला काय तोटा? योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी ही कळकळीची विनंती आहे.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. नव्या मुलाच्या वाट्याला कामच येत नाही. बॅनर धरायचा, पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवायच्या, फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं. तो का टिकेल?

माणूस कशाने टिकतो, हे इथून जवळच पाहायला मिळतं. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका त्यांनी आणल्या. ज्यांना समाजाने टाकलं होतं, त्यांना बाईंनी नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छपाई शिकवली आणि छापखान्यात खिळे जुळवायला त्यांनाच बसवलं. शतक उलटलं, ती संस्था आजही चालू आहे. कुणीतरी आपल्यावर विसंबून आहे हे कळलं, की माणूस टिकतो, असं मला केडगावकडे पाहून वाटतं.

म्हणून नव्या स्वयंसेवकाला पहिल्याच आठवड्यात त्याच्या नावाचं काम द्या. लावलेल्या रोपांच्या पाण्याची पाळी त्याची, रक्तदात्यांची यादी तिची. शिबिरात स्वयंपाकाचा हिशेबही प्रथम वर्षाच्या मुलांकडे सोपवा. चुकतील, मग ज्येष्ठांनी शेजारी बसून दाखवावं.

आणि द्वितीय वर्षाच्या मुलांनो, जूनमध्ये कॉलेज उघडलं की तुमच्या एसटीतल्या, तुमच्या गावच्या एका तरी नव्या विद्यार्थ्याला सोबत घेऊन नोंदणीला जा, आणि वर्षभर त्याची विचारपूस करत राहा.