बाझेलची सभा आणि गैरहजर कुळे



आधी राज्य आणि मग त्याची संसद, असा आपला समज असतो. झायनवादी चळवळीने हा क्रम उलटा केला. ऑगस्ट १८९७ मध्ये थिओडोर हर्झल यांच्या पुढाकाराने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे पहिली झायनवादी काँग्रेस भरली. जमलेल्या सुमारे दोनशे ज्यू प्रतिनिधींपाशी स्वतःच्या देशाची वीतभर भूमी नव्हती; तरी ठराव, समित्या, मतदान सारे रीतसर सुरू झाले. 'शेकेल' ही वर्गणी भरणारास प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मिळे. १८९८ च्या दुसऱ्या अधिवेशनापासून स्त्रियांनाही मताधिकार लाभला. युरोपातील एकाही राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत त्या वेळी तो नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सभेने उभारलेल्या संस्था अधिक बोलक्या वाटतात. १९०१ च्या पाचव्या अधिवेशनाने पॅलेस्टाईनमध्ये भूमी खरेदी करण्यासाठी राष्ट्रीय निधी स्थापिला. या निधीची जमीन विकावयाची नाही, केवळ भाडेपट्ट्याने द्यावयाची, असा दंडक होता. जमिनीच्या सट्ट्याला पायबंद घालणारे हे तत्त्व कोणाही समाजवाद्यास सुखावेल. पण ही सामुदायिक मालकी कोणत्या समुदायाची?

१९२० च्या दशकात जेझ्रील खोऱ्यातील विस्तीर्ण जमिनी बैरुतच्या सुरसॉक घराण्याकडून विकत घेतल्या गेल्या. दूरस्थ जमीनदाराला किंमत मिळाली. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्या अरब कुळांना गाव सोडावे लागले. व्यवहार कायदेशीर होता. कुळकायद्यासाठी लढलेल्या आपल्यासारख्यांना 'कायदेशीर' या शब्दाचे वजन सांगावयास नको.

ज्यूंची व्यथा खोटी होती असे मात्र कोणी समजू नये. १९०३ मध्ये किशिनेव्हला त्यांच्या कत्तली झाल्या. 'जेथे राहतो तेथेच समतेसाठी लढू', असे म्हणणारी 'बुंद' ही ज्यू कामगारांची समाजवादी संघटनाही १८९७ सालीच विल्ना येथे जन्मली. तिचा बहुतांश जनाधार पुढे हिटलरच्या छळछावण्यांत नष्ट झाला. हे सत्य पचविल्याखेरीज आपणांस टीकेचा अधिकार नाही.

तरीही प्रश्न उरतोच. या काँग्रेसचे एकोणचाळिसावे अधिवेशन २०२५ मध्ये जेरुसलेमला भरले. सभासदांपुरती ती लोकशाही खरीच; पण ज्यांच्या पायाखालच्या जमिनीचा निर्णय होत होता, त्यांना बाझेलमध्ये आसन नव्हते. पीडिताची चळवळही दुसऱ्याला पीडित करू शकते. म्हणून आपल्याही परिषदेत ठराव मांडताना मते मोजण्याआधी एवढे पाहावे: ज्यांना याची झळ लागेल, ते या सभागृहात आहेत काय?