बुद्धिबळ, घड्याळ आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात वालीव येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणासाठी विषय विचारण्यात आला तेव्हा मी बुद्धिबळ असे सांगितले. एका सहकाऱ्याने हसून विचारले, "मास्तर, परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि तुम्ही खेळावर बोलणार?" होय, मी खेळावर बोलणार आहे, पण बोलायला कारण घडले ते एका पालकांच्या प्रश्नामुळे. तो प्रश्न आधी आपणापुढे ठेवतो.

आपल्या नववीच्या वर्गात एक मुलगी आहे. नाव सांगत नाही. तिचे वडील इथेच, वालीवच्या एका गाळ्यात मशिनवर काम करतात. रात्रपाळी करून आल्यावर ते झोपत आणि त्यांचा मोबाईल मुलीच्या हाती येई. त्या मोबाईलवर ती जगातील कोणाही अनोळखी माणसाशी तीन-तीन मिनिटांचे बुद्धिबळ खेळे. एके दिवशी सहामाहीचे गणिताचे गुण घसरले, मोबाईल काढून घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, खरे सांगा, हा खेळ आहे की नशा आहे? खेळ असेल तर मी रोखणार नाही. नशा असेल तर मोबाईल पुन्हा देणार नाही."

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला तेव्हा देता आले नाही. मी आठ दिवसांची मुदत मागितली.

ज्यांना या प्रकाराची माहिती नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. स्पर्धेतील बुद्धिबळात पटाशेजारी घड्याळ असते. ज्याची वेळ संपली तो हरला, मग पटावर त्याची कितीही सरशी असो. जुन्या पद्धतीचा डाव चार-पाच तास चालतो. प्रत्येक खेळाडूला दहा मिनिटांहून अधिक पण एका तासाहून कमी वेळ असेल तर त्याला रॅपिड म्हणतात. दहा मिनिटे किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ. आणि इंटरनेटवर एकेका मिनिटाचेही डाव चालतात, त्यांना बुलेट म्हणजे बंदुकीची गोळी असे नाव आहे. नाव चुकीचे नाही.

इंटरनेटवरील खेळाची एक सोय चांगली आहे. खेळलेला प्रत्येक डाव, चालीनिशी आणि सेकंदानिशी, नोंदून राहतो. वडिलांच्या परवानगीने मी त्या मुलीचे डाव मधल्या सुट्टीत बसून पाहू लागलो. वही तपासावी तसे ते तपासले. मी मोठा खेळाडू नाही, परंतु चूक कोठे होते हे पाहण्याची शिक्षकाला सवय असते.

पहिली गोष्ट दिसली ती प्रगती. सुरुवातीच्या डावांत ती चार चालींतच मात खाई. वजीर आणि उंट मिळून राजाजवळच्या प्यादावर धाड घालतात, तीच ती जुनी खोडी. महिन्याभरात ती खोडी तिला कोणी घालू शकेना. पुढे ती स्वतः घोड्याचा दुहेरी मारा शोधू लागली. एकाच वेळी राजाला शह आणि हत्तीवर नजर! कोणी शिकवले नव्हते. हरत हरत शिकली.

दुसरी गोष्ट, तिच्या खेळाची धाटणी. चढाई करणे तिला आवडते. प्यादे गेले तरी चालेल, पण समोरच्या राजाला श्वास घेऊ द्यायचा नाही. धाडसी खेळ आहे. कमी वेळात असा खेळ फळतो, कारण बचाव करणाऱ्याला विचार अधिक करावा लागतो आणि त्याचे घड्याळ पळत असते.

तिसरी गोष्ट, दोष. ते मला तीन दिसले. पहिल्या दहा चाली ती न पाहता खेळे आणि मग एकाच चालीवर मिनिटभर अडून बसे, म्हणजे वेळेची वाटणी नाही. दुसरा दोष डावाच्या शेवटचा. एक प्यादे जास्त असूनही ते पलीकडच्या टोकाला नेऊन त्याचा वजीर कसा करावा हे तिला ठाऊक नव्हते. ती आधी प्यादे पुढे ढकली. राजाने प्यादाच्या पुढे चालायचे असते, वाट मोकळी करायची असते, हे कोणी सांगितलेच नव्हते. तिसरा दोष सर्वांत मोठा. हरली की ती तो डाव पाहत नसे, लगेच दुसरा लावी. रात्री अकरानंतरचे डाव पाहिले तर तिथे खेळणारी ही मुलगी वेगळीच वाटते. तो खेळ नव्हे, ती चिडचिड आहे.

वडिलांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच मिळाले. संध्याकाळी सहाला जो खेळ होता तोच रात्री अकराला नशा झाला होता.

आता आपली दृष्टी वालीवहून थोडी दूर नेऊ. नागपूरच्या दिव्या देशमुख हिचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. तिचा जन्म 2005 चा. दहा वर्षांखालील आणि बारा वर्षांखालील मुलींची जागतिक अजिंक्यपदे तिने 2014 आणि 2017 मध्ये मिळवली. 2020 साली महामारीमुळे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड इंटरनेटवर भरवावे लागले. आपल्याच नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. रशियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात ऐन वेळी इंटरनेट तुटले आणि निहाल सरीन व दिव्या यांचे डाव वेळ संपल्यामुळे गेले. भारताने दाद मागितली आणि शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक देण्यात आले. चौदा वर्षांच्या मुलीने त्या दिवशी काय अनुभवले असेल! चूक आपली नाही, तरी घड्याळ थांबत नाही.

पण ती मुलगी घड्याळाला घाबरली नाही. 2023 मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील रॅपिड स्पर्धेत ती ऐन वेळी बदली खेळाडू म्हणून आली आणि महिला विभाग जिंकून गेली. 2024 मध्ये ती गांधीनगर येथे मुलींची ज्युनियर विश्वविजेती झाली. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले आणि दिव्याने तिसऱ्या पटावर 11 पैकी साडेनऊ गुण घेऊन वैयक्तिक सुवर्णही मिळवले. जून 2025 मध्ये लंडनच्या सांघिक स्पर्धेत तिने ब्लिट्झच्या डावात चीनच्या हौ यिफानला हरवले. आणि 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी येथे ती महिला विश्वचषक जिंकली. समोर कोनेरू हम्पी, रॅपिडची दोन वेळची विश्वविजेती. संथ गतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. रॅपिडचा पहिला डावही बरोबरीत. दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन, हम्पीची वेळ कमी उरली असताना, दिव्याने डाव जिंकला. या विजयाबरोबर ती ग्रँडमास्टर झाली, भारताची 88 वी.

हा आलेख मी टाळ्यांसाठी सांगत नाही. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. तिची धाटणीही चढाईचीच. पण इतका मोठा चषक हाती आल्यावर त्याच दिवशी ती काय म्हणाली? तिच्या बोलण्याचा आशय असा, की शेवटच्या टप्प्यात आपण कोठेतरी गडबड केली आणि आपल्याला या टप्प्याचा अभ्यास केला पाहिजे. मुलांनो, हे नीट ऐका. आपल्या नववीतल्या मुलीचा जो दुसरा दोष मी सांगितला तोच दोष विश्वचषक जिंकणाऱ्या मुलीने स्वतःत शोधला. फरक एवढाच, की तिने जिंकल्यावर शोधला आणि आपण हरल्यावरही शोधत नाही.

वेगाने खेळणारा माणूस वेगाने विचार करतो असे आपणास वाटते. तसे नाही. ज्याने संथपणे पुष्कळ विचार करून ठेवलेला असतो त्यालाच वेगाने खेळता येते. पाढे पाठ असलेल्या मुलाचा गुणाकार झटपट होतो, तसेच हे आहे.

आपल्या इतिहासातही याचा दाखला आहे. आपण शतरंज म्हणतो तो शब्द संस्कृत चतुरंगापासून इराण व अरबस्तानात गेला आणि शह-मात होऊन परत आला. दहाव्या शतकात बगदादच्या दरबारी अस-सूली नावाचा विद्वान शतरंजचा अव्वल खेळाडू होता. त्याने डावाच्या शेवटच्या टप्प्यातील एक कोडे लिहून ठेवले. ते सुमारे हजार वर्षे कोणाला सुटले नाही. रशियन ग्रँडमास्टर युरी आव्हरबाख यांनी ते 1980 च्या दशकात सोडवले. पंजाबचे मीर सुलतान खान यांनी 1929, 1932 आणि 1933 साली ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले आणि कापाब्लांकासारख्या माजी विश्वविजेत्याला हरवले. जागतिक संघटनेने त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला तो 2024 साली. आणि भोपाळचे रफीक खान, व्यवसायाने सुतार, यांनी 1980 च्या माल्टा ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदक मिळवले. करवत धरणाऱ्या हाताने वजीरही नीट चालवला.

आता एका नाजूक मुद्द्याकडे येतो. काही बुजुर्गांना हा खेळ दीनच्या दृष्टीने पसंत नाही. मी आलिम नाही, आणि फतवा देणे हे माझे काम नाही. मला एवढे ठाऊक आहे, की हनफी फकीहांनी सामान्यतः तो निषिद्धाजवळचा मानला आहे, तर शाफई फकीहांनी काही शर्तींवर सूट दिली आहे. या शर्ती अशा, की पैज नको, नमाज चुकता कामा नये आणि जिभेवर शिवी येऊ नये. मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमसाहेबांना जरूर विचारावे. परंतु शिक्षक म्हणून मला या शर्ती फार मोलाच्या वाटतात. मोबाईलवर आज कोणती संकटे आहेत? पैसे लावायला बोलावणारे खेळ, वेळेचे भान सुटणे आणि हरलेल्या अनोळखी माणसाने लिहून पाठवलेली घाण. शेकडो वर्षांपूर्वी ज्यांनी मोबाईल पाहिला नव्हता त्यांनी नेमक्या याच जागी कुंपण घातले होते.

मी तिच्या वडिलांना आठव्या दिवशी सांगितले, "भाईजान, खेळ वाईट नाही, पण एकटेपणीचा आणि बेहिशेबी खेळ वाईट आहे. मोबाईल परत द्या असे मी म्हणत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तिला तासभर थांबू द्या." ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मुलांबरोबर खेळणार?" मी म्हणालो, "पटापलीकडे कोण बसले आहे हे मोहऱ्यांना कळत नाही. आणि मी तिथेच असेन."

त्यांचा संकोच मी समजू शकतो. जानेवारी 2024 मध्ये हॉलंडमधील स्पर्धेनंतर अठरा वर्षांच्या दिव्याने उघडपणे लिहिले, की प्रेक्षक आपला खेळ सोडून कपडे, केस आणि उच्चार यांवरच बोलतात. त्याआधी 1976 साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर हिने वयाच्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला तेव्हाही विरोध झाला होता. प्रकरण जागतिक संघटनेपर्यंत गेले आणि स्त्रियांना राष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही असा निर्णय झाला. मुलीला घरी बसवणे हा यावरचा उपाय नव्हे. तिला निर्धास्तपणे बसता येईल अशी जागा देणे हा उपाय आहे, आणि अशी जागा शाळेशिवाय कोण देणार?

गेले काही शनिवार ती येते. नियम साधे आहेत. एक डाव संथ खेळायचा, तो वहीत लिहायचा, हरलेल्याने आपली चूक स्वतः सांगायची, आणि मगच घड्याळ लावून दोन डाव. परवा तिने राजा पुढे ठेवून प्यादे पलीकडे नेले आणि माझ्यावर मात केली. तेव्हा तिच्या घड्याळात चाळीस सेकंद शिल्लक होते. गणिताचे गुण सुधारले की नाही हे मी आज सांगणार नाही, कारण परीक्षा अजून व्हायची आहे. तिचे वडील दर आठवड्याला फाटकापाशी उभे राहतात. अजून आत येत नाहीत. दहावीनंतर काय, हे त्यांनी ठरवलेले नाही, आणि ती गोष्ट माझ्या मनाला लागून आहे.

अध्यक्ष महाशय, आपल्याकडे पट दोन आहेत आणि घड्याळ म्हणून माझाच मोबाईल टेबलावर ठेवतो. शनिवारी थांबू इच्छिणारी मुले आता चौदा झाली आहेत, त्यांत पाच मुली. मी संस्थेकडे फार मागत नाही. सहा पट, तीन घड्याळे आणि शनिवारी तासभर एक खोली उघडी ठेवण्याची परवानगी द्यावी. आणि पालकांना एक विनंती आहे. एखाद्या शनिवारी फाटकापाशी न थांबता आत या, बाकावर बसा, आपल्या मुलीचा एक डाव पाहा.