लंगडणारे मूल आणि शिक्षक



मूल लंगडू लागले की घरची माणसे प्रथम ते कोठे पडले हे आठवू लागतात. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ येथील वाटा चढउताराच्या. पावसाळ्यात खाचरांचे बांध निसरडे. मूल कधीतरी पडलेले असतेच. मग लेप, चोळणे आणि हाडवैद्य यांत महिने निघून जातात. साधी दुखापत थोड्या दिवसांत उतरते. दोन आठवड्यांनंतरही लंगडणे किंवा पाठदुखी हटत नसेल, तर हाडाच्या क्षयाची शंका घेतली पाहिजे.

क्षयाचे जंतू बहुधा फुप्फुसातून रक्तावाटे हाडात पोहोचतात. सुमारे निम्म्या रुग्णांत ते मणक्यांत ठाण मांडतात. त्याखालोखाल खुबा व गुडघा. खोकला असेलच असे नाही. खाली पडलेली पेन्सिल उचलताना असे मूल कमरेत वाकत नाही. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकते. खेळ सोडून कडेला बसते. झोपेत स्नायू सैल पडून दुखरा सांधा हलला की किंचाळून उठते. दुर्लक्ष झाल्यास मणका खचून कुबड येते, पायही लुळे पडू शकतात.

आरंभी क्ष-किरण चित्र निर्दोष दिसू शकते. म्हणून गरजेप्रमाणे एमआरआय काढून, बाधित भागातील पू वा ऊतीचा नमुना तपासतात. अशा तपासण्यांची सोय पुण्याच्या ससून रुग्णालयात आहे. मात्र आरंभ जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करावा.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागेपर्यंत विश्रांती, प्लास्टर आणि मोकळी हवा यांवरच मुख्य भिस्त होती. लोणावळ्याची हवा उत्तम खरी, परंतु जंतू मरतात ते औषधानेच. नेहमीचा औषधक्रम बारा महिन्यांचा असतो : दोन महिने चार औषधे, पुढे दहा महिने तीन. सरकारी योजनेत ती विनामूल्य मिळतात. खरा धोका पुढेच असतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूल हसूखेळू लागते आणि घरचे गोळ्या थांबवितात. तेथे शिक्षकाचा शब्द उपयोगी पडतो.

केवळ हाडाचा क्षय शेजारी बसल्याने पसरत नाही. फुप्फुसाला बाधा नसल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावर अशा मुलास वेगळे बसवू नये. मुलाला हा रोग बहुधा एखाद्या खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून येतो. म्हणून घरातील सर्वांची तपासणी व्हावी.

आरोग्य पथक शाळेत वर्षातून एकदा येते. शिक्षक मुलाची चाल रोज पाहतो. हजेरी घेताना नावाबरोबर चालही पाहिली, तर एखादे मूल आयुष्यभराच्या कुबडापासून वाचेल.