एक देह, अनेक आजार, एकच उपचार-व्यवस्था



मधुमेह, रक्तदाब, दमा आणि संधिवात हे चार आजार एकाच कामगाराच्या देहात ठाण मांडतात, तेव्हा प्रचलित आरोग्यव्यवस्था त्या माणसाचेच चार तुकडे करते. चार विभाग, चार रांगा, चार चिठ्ठ्या. प्रत्येक रांगेपायी एका दिवसाची मजुरी बुडते. सांधेदुखीवरील अनेक वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांना अपाय करतात. परंतु चारही चिठ्ठ्या एकत्र वाचण्याची जबाबदारी कोणावरच नसते.

या दुःस्थितीला वर्गीय आधार आहे. स्कॉटलंडमधील सुमारे साडेसतरा लाख रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अतिगरीब वस्त्यांतील माणसांना अनेक आजार एकत्रितपणे सधन वस्त्यांच्या तुलनेने १० ते १५ वर्षे आधीच गाठतात, असे त्यात आढळले.

मग मार्ग कोणता? वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या खेड्यात कम्युनिस्ट डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९६१ पासून पाव शतकाहून अधिक काळ तो दाखवून दिला. वैद्यकीय सेवेची गरज जेथे सर्वाधिक, तेथेच ती सर्वांत कमी पोचते आणि बाजाराच्या शिरकावाने ही विषमता तीव्र होते, असा सिद्धांत त्यांनी १९७१ मध्ये मांडला. रोगी दारात येण्याची वाट न पाहता त्यांनी गावातील प्रौढांचा रक्तदाब स्वतः तपासला, नोंदी ठेवल्या, वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पंचवीस वर्षांनंतर तेथील अकाली मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या खेड्यापेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसून आले. यामागे कोणतेही चमत्कारी औषध नव्हते. माणसाला ओळखणारे तेच पथक, तीच नोंदवही आणि स्वतःच्या आरोग्याच्या निर्मितीत सहभागी असणारा रोगी, एवढेच या यशाचे भांडवल होते.

आपल्या देशातही ही वाट अपरिचित नाही. केरळने २०१७ मध्ये ‘आर्द्रम’ मोहीम सुरू करून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे रूपांतर कुटुंब आरोग्य केंद्रांत करण्यास आरंभ केला.

म्हणून कामगार संघटनांनी आणि किसान सभांनी आपल्या मागणीपत्रकांत वेतनाच्या जोडीला या मागण्याही नोंदवाव्यात: सर्व आजारांसाठी एकच नोंदवही, एकाच दिवशी, एकाच ठिकाणी सर्व तपासण्या, महिनाभराची औषधे विनामूल्य, आणि घरोघर जाणाऱ्या आशा सेविकांना नियमित वेतन. ज्यांच्या श्रमावर देश उभा आहे, त्यांचा देह अखंड मानणारी व्यवस्था संघटित शक्तीच्या बळावरच उभी राहील.