शाळा कोणाची? आपलीच!
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपण विहाराचा हिशोब मांडतो. त्याच वहीत वस्तीजवळच्या सरकारी प्राथमिक शाळेचं एक पान असावं, असं आम्हांला वाटतं.

ही शाळा आपल्याला कोणी फुकट दिलेली नाही. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. पुढे 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला. आपल्याला त्यातला पाणवठा आठवतो, पण सार्वजनिक शाळाही त्यात होत्या. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी बजावला तो याच ठरावातला हक्क. महाड आणि पनवेल तेव्हा एकाच कुलाबा जिल्ह्यात होते.

त्याच्या आठच दिवस आधी, 12 मार्चला, बाबासाहेब कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलत होते. शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सरकारला सुनावलं. म्हणजे दार उघडणं ही अर्धीच लढाई. मूल आत टिकलं पाहिजे.

आज आपल्यापैकी पुष्कळांची मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. त्यात दोष काढायचा नाही. पण सरकारी शाळेत आता कोण बसतं? नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्याचं, बांधकामावर राबणाऱ्याचं मूल. आपले आजे-पणजे ज्या जागी होते, त्याच जागी ते आहे. पट घसरला की शाळा बंद होण्याची भीती. मग हे मूल जाणार कुठं?

पनवेलची नगरपालिका 1852 सालची. 1 ऑक्टोबर 2016 रोजी ती महानगरपालिका झाली. कारभाराची पाटी बदलते, पालकांचा हक्क बदलत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या महिला. दुर्बल व वंचित घटकांच्या पालकांनाही प्रमाणात जागा आहे. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदानाच्या खर्चावर लक्षही तीच ठेवते. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हे त्या मजुराला सांगणार कोण?

म्हणून तीन कामं सुचवतो. ज्यांची मुलं त्या शाळेत आहेत, त्या माता-भगिनींनी समितीवर जावं, नुसती सही करून परत येऊ नये. जूनपूर्वी आपल्या तरुणांनी नाक्यावर, बांधकामावर फिरून शाळाबाह्य मुलांची नावं नोंदवावीत. आणि संध्याकाळी विहाराचा हॉल अभ्यासाला उघडा ठेवावा, मूल कोणत्याही जातीधर्माचं असो.

बाबासाहेबांनी सांगितलेल्या तीन शब्दांत 'शिका' पहिला आहे. आपण शिकलो. आता शेजारच्या मुलाला शिकू देणं आपल्या हातात आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!