चेहऱ्याविना चित्र



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हे नाव येते ते लढायांमुळे. एक लढाई १४३७ सालची, दुसरी १५९१ सालची. पण आज लढाया बाजूला ठेवू. त्या गावात एक जुनी दगडी मशीद आहे. खुदावंदखान महदवी नावाच्या सरदाराने ती १५८२ साली बांधविली. त्या वेळी वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत होते. साखरखेर्ड्याची मशीदही त्याचीच, एक वर्ष आधीची.

शाळेची सहल अशा ठिकाणी गेली म्हणजे एखादे पोर हटकून विचारते, “गुरुजी, इथं मूर्ती कुठं आहे? फोटो कुठं आहे?” प्रश्न सरळ आहे. गुरुजी बहुधा सांगतात, “त्यांच्या धर्मात चित्राला बंदी आहे,” आणि पोरांना पुढे हाकतात. उत्तर अगदीच खोटे नाही, पण अर्धे आहे.

मूर्तिपूजेचा निषेध कुराणात स्पष्ट आहे. चित्र काढूच नये, असा थेट आदेश मात्र त्यात नाही. सजीवांची चित्रे काढणाऱ्याला शेवटच्या दिवशी ‘आता यात प्राण घाल’ म्हणून सांगितले जाईल, अशा अर्थाची वचने हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या परंपरेने आलेल्या वचनांत आहेत. प्राण घालणे हे ईश्वराचे काम. माणसाने त्याची बरोबरी करू नये, हा त्यामागचा भाव. त्यामुळे मशिदीत माणसाचे चित्र येत नाही. तिथे कारागिराने आपला जीव ओतला तो अक्षरांत, वेलबुट्टीत आणि भूमितीच्या आकृत्यांत. रोहिणखेडच्या मशिदीवरही शिलालेख आहे. तो नुसता मजकूर म्हणून बघू नका, बरे का. आपण मूर्तीचा चेहरा घडवताना जी काळजी घेतो, ती तिथे अक्षराच्या वळणाला मिळालेली असते.

पण मशिदीबाहेर, पुस्तकांच्या पानांवर, गोष्ट निराळी होती. इराणात तब्रिझ शहरी रशीदुद्दीन नावाच्या वजिराने जगाचा मोठा इतिहास लिहविला. त्याच्या १३१४ सालच्या सुमाराच्या एका प्रतीत खुद्द पैगंबर मुहंमदांच्या चरित्रातले प्रसंग चितारलेले आहेत, आणि चेहरा उघडा आहे. पुढे सोळाव्या शतकात रीत बदलली. इराणचा शाह तहमास्प याच्यासाठी १५३९ ते १५४३ या काळात निजामी कवीच्या काव्याची एक प्रत तयार झाली. तिच्यात पैगंबरांच्या स्वर्गारोहणाचे चित्र आहे. बुराक नावाचे वाहन, भोवती देवदूत, मस्तकामागे सोनेरी ज्वाळा. आणि पैगंबरांच्या चेहऱ्यावर पांढरा पडदा. चित्रकाराने सगळे काढले, तेवढे एक काढले नाही. मला तर वाटते, त्या कोऱ्या जागेकडेच नजर आधी जाते.

ही चित्रे पूजेसाठी नव्हती. ती राजवाड्यातल्या पुस्तकांत, वाचणाऱ्याच्या मांडीवर उघडायची होती. आणि सगळ्या मुसलमान समाजाने ती मानली असेही नाही. अरबस्तानात, तुर्कस्तानात, इराणात आणि हिंदुस्थानात चाली वेगवेगळ्या होत्या.

आता आपल्याकडे या. ज्या १५८२ साली रोहिणखेडला मशीद उभी राहिली, त्याच साली तिकडे उत्तरेत अकबर बादशहाने महाभारताचे फारसी भाषांतर करण्याचा हुकूम दिला. त्या ग्रंथाचे नाव रज्मनामा. त्याच्या शाही प्रतीत श्रीकृष्ण आहे, अर्जुन आहे, कुरुक्षेत्र आहे. ही चित्रे करणाऱ्यांत दसवंत नावाचा एक होता, पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भोयाचे पोर बादशहाच्या चित्रशाळेत पहिल्या रांगेत बसले! दख्खनमध्ये विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा तर सरस्वतीचा आणि गणपतीचा गौरव गाणारा. त्याच्या दरबारी फर्रुख हुसेन या चित्रकाराने १६०४ च्या सुमारास वीणाधारी सरस्वती रंगविली. तेव्हा ‘मुसलमानी राजवटीत चित्रकला नव्हती’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ही नावे सांगावीत.

आणि खेड्यात? खेड्यातल्या माणसाला शाही पोथी कुठली दिसायची! त्याने आपली वाट काढली. मोहरमच्या सवारीत जो पंजा निघतो, त्याची पाच बोटे म्हणजे मुहंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसेन. पाचही जण तिथे आहेत आणि चेहरा एकाचाही नाही. वऱ्हाडात या सवारीपुढे नारळ फोडणारे आणि नवस बोलणारे हिंदूही पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. कित्येक ठिकाणी शिया मंडळी करबलाच्या स्मरणार्थ हुसेनांचा घोडा मिरवणुकीत नेतात. घोडा सजवलेला, पाठीवर खोगीर, आणि त्यावर स्वार नाही. इसवी सन ६८० मधले ते मरण सांगायला तेवढे पुरते. लोक त्या रिकाम्या खोगिराकडे बघून रडतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. वर्गाच्या भिंतीवर आपण बुद्ध, येशू, नानक, तुकाराम यांच्या तसबिरी लावतो. मग सर्वांना सारखा मान द्यावा, या चांगल्या हेतूनेच एखादे गुरुजी पैगंबरांचेही चित्र शोधू लागतात. जुन्या पोथ्यांत ते आहे, हे आताच मी सांगितले. तरीही ते भिंतीवर लावू नये. पोथीतले चित्र भिंतीसाठी काढलेले नव्हते, आणि वर्गातल्या मुसलमान मुलाच्या घरी त्याने मन दुखावेल. मान द्यायचा तो ज्याला द्यायचा त्याच्या रीतीने द्यावा. त्या जागी सुंदर अक्षरांत लिहिलेले नाव लावा, किंवा काबागृहाचे चित्र लावा. गावात उर्दू लिहिणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना सन्मानाने शाळेत बोलवा आणि बोरूने मुलांसमोर ते नाव लिहायला सांगा. आपल्या पोरांनी देवनागरी बोरूने गिरवली ती डावीकडून. उजवीकडून चालणारा बोरू पाहून ती पाटी टाकून जवळ येतील.