नाव्ह्याची गढी

मी सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावचा. आमच्याकडची कयाधू पुढे जाऊन पैनगंगेला मिळते. त्या पैनगंगेच्या पट्ट्यात सुमारे २०० वर्षांपूर्वी एक बंड झालं. त्याविषयी आज बोलतो.

३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. पेशवाई बुडाली. आपल्या भागावर नाव निजाम सिकंदरजाहचं होतं, पण कारभार दिवाणगिरी चालवणाऱ्या चंदुलालच्या हाती, आणि चंदुलालला आधार इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेलचा. पगार निजामाच्या खजिन्यातून, हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांचा, अशी नवी कवायती फौज उभी राहिली होती. तिला नावही 'रसेल ब्रिगेड' असंच पडलं. ज्या राज्यात रयतेला दाद मागायला जागा उरली नाही, त्या राज्याला मी तरी हुकूमशाहीच म्हणेन.

हटकर समाजाचे नाईक नोवसाजी मुस्के या फौजेपुढे उभे राहिले. उमरखेडजवळ मोकळ्या मैदानात लढाई झाली. डोंगर-झाडीत लढणाऱ्या माणसांचा कवायती पलटणींपुढे मैदानात निभाव लागला नाही. नाईक मागे हटले आणि नाव्ह्याच्या गढीत शिरले. ८ जानेवारी १८१९ रोजी या फौजेच्या मेजर पिटमननं वेढा घातला.

आत पाचशेच्या आसपास शिबंदी, त्यांत बरेचसे अरब. दूर समुद्रापलीकडून पोटासाठी आलेली ही माणसं हटकरांच्या खांद्याला खांदा लावून तीन आठवडे लढली. ३१ जानेवारीला हल्ला करून गढी घेतली गेली. आतली बहुतेक माणसं कापली गेली. नाईक कैद झाले आणि हैदराबादेत वारले.

इंग्रजी गॅझेटियरांनी हटकरांना लुटारू म्हटलं. गावं लुटली गेली नाहीत असं मी म्हणणार नाही. त्या धामधुमीत सगळ्याच फौजा लुटत होत्या. पण लुटीसाठी तीन आठवडे गढीत कोंडून घेऊन कुणी मरत नाही.

या फौजेची एक छावणी पुढे आपल्या हिंगोलीतच होती. फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. पलटणींच्या निशाणांवर 'नोवा', म्हणजे नाव्हा, हे नाव मानानं झळकलं. गढीत पडलेल्यांची नावं मात्र मला कुठल्याच कागदात सापडली नाहीत. हदगाव, उमरखेडकडच्या कुणा घरात ती अजून सांगितली जात असतील, तर लिहून ठेवा.